मळमळीची गोळी आणि बोलका नवरा

आमचे हे बोलत नाहीत. म्हणजे मुके नाहीत, रुसलेलेही नाहीत, नुसते बोलत नाहीत. आयुष्यभर स्टुडिओत आवाज रेकॉर्ड करायचं काम केलं. तिथे दारावरचा लाल दिवा लागला की सगळ्यांनी तोंडाला कुलूप घालायचं. काचेच्या पलीकडे कोणी गातंय, कोणी बातम्या वाचतंय, आणि अलीकडे हे कानाला हेडफोन लावून बसलेले. सगळा कारभार हातांनी. पंजा दाखवला की थांबा. बोट गोल फिरवलं की आवरा. अंगठा वर केला की आवाज वाढवा, खाली केला की कमी करा. बाकीची माणसं दिवा विझला की बोलायला लागतात. यांचा दिवा घरी आल्यावरही विझला नाही. चहा हवा असला तरी दोन बोटांनी कपाचा कान धरल्यासारखं करून दाखवणार.

मी याच्या बरोबर उलट. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसते. नळाला पाणी नाही, आहे तर गढूळ आहे, शेजारच्याला येतं आणि आम्हाला का नाही. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी त्यांच्यावर. काचेला भोक एवढंसं, डोक्यावर खडखडणारा पंखा, तिथे हळू बोलून कोणाचं भागणार? तेव्हा माझा आवाज जो चढला तो चढलाच. घरी फोनवर बोलायला लागले की हे आतल्या खोलीतून दारापर्यंत यायचे, अंगठा खाली करायचे आणि परत जाऊन बसायचे.

लग्न झाल्यापासून मला अंगठा खालीच मिळालाय. मैत्रिणींना मी हे हसून सांगायची, पण मनात कुठेतरी टोचत होतं. ज्या माणसाने उभा जन्म चांगले आवाज ऐकण्यात घालवला, त्याच्या नशिबी घरी हा भोंगा. त्यांनाही तसंच वाटत असणार, याची मला खात्री होती. एकदा सरळ विचारून टाकावं असं फार वाटायचं. पण विचारलं आणि उत्तरादाखल अंगठा खाली आला तर? म्हणून कधी विचारलं नाही.

तर अशा माणसाच्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सरची. ऑपरेशन झालं, गाठ काढली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता दर तीन आठवड्यांनी केमो. बाई अंगाने एवढ्याशा, बोलणं मात्र धो धो. त्यांनी यांना सगळं समजावून सांगितलं, यांनी मान हलवली. मी विचारलं, उलट्यांचं काय? ते मी बहुतेक जरा जोरात विचारलं, कारण बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले. बाई म्हणाल्या, उलट्या होऊ नयेत म्हणून औषध आधीच देतो, काळजी करू नका. यांनी माझ्याकडे बघून अंगठा खाली केला.

पहिल्या केमोला मोठ्या खोलीत ओळीने आरामखुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा खांब. यांच्या वाट्याला एक हसतमुख सिस्टर आली, पायात पांढरेशुभ्र नवे बूट. तिने आधी उलटीचं इंजेक्शन दिलं, मग मुख्य औषध लावलं आणि म्हणाली, "काका, जरा जरी मळमळलं ना, तरी लगेच सांगायचं. लाजायचं नाही." चूक तिची नाही. यांना 'सांगा' म्हटलं तर हे काय करणार, ते तिला कुठून माहीत असणार? माझं लक्ष हवं होतं, आणि मी नेमकी चहा आणायला खाली गेले होते.

परत आले तर दारातूनच दिसलं. यांनी सिस्टरला अंगठा वर करून दाखवला, म्हणजे वर येतंय. सिस्टरनेही खूश होऊन अंगठा वर केला. "छान काका, असंच राहू द्या." यांनी अंगठा आणखी उंच केला. तिने दोन्ही हातांचे दोन अंगठे दाखवले. यांचा चेहरा पांढराफटक पडलेला, अंगठा डोक्याच्या वर गेलेला, आणि ही बाई शेजारच्या पेशंटला सांगतेय, "बघा, काकांकडून शिका." मी तिथूनच ओरडले, "अहो सिस्टर, भांडं आणा भांडं." तोवर उशीर झाला होता. ते नवे बूट तिने परत घातलेले काही मला दिसले नाहीत.

घरी आल्यावरही दोन दिवस बादली आणि हे. पाणी ठरेना पोटात. त्यानंतर यांनी हाताची कात्री करून मला दाखवली. म्हणजे कट, बंद, पुढच्या केमोला मी जाणार नाही. मी म्हटलं, तुमची कात्री ठेवा तुमच्या खिशात. आणि ओढत नेलं डॉक्टरीणबाईंकडे.

बाईंनी औषधं बदलली. उलटीच्या औषधांमध्ये एका स्टिरॉइडची भर घातली. "या गोळ्या केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस, सकाळी खाऊन झाल्यावर. मळमळ होवो न होवो, घ्यायच्याच. वाट बघत बसायचं नाही. एकदा उलट्या सुरू झाल्या की आवरणं कठीण जातं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या गोळ्यांनी भूक वाढते, झोप उडते, माणूस जरा उत्साहात येतो. यांची साखर आधीच काठावर आहे, ती चढू शकते. घरी तपासत जा आणि काही वेगळं वाटलं तर मला लगेच कळवा."

उत्साहात, आमचे हे? मला हसूच आलं.

दुसरी केमो उलटीशिवाय पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती कोणाच्या तरी बोलण्याने. वाटलं रेडिओ चालू राहिला. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर हे बटाटे सोलतायत, समोर सालांचा ढीग, आणि मला बघितल्याबरोबर सुरू.

"ये, ये. तुला माहितीये का, आपल्या मोरीतला नळ ज्या सुरात ठिबकतो ना, त्या सुरात स्टुडिओतला एक गवई कायम घसरायचा. मी त्याला कधी बोललो नाही. आज वाटतंय बोलायला हवं होतं. बटाटे पुरतील ना? नाहीतर अंडी उकडतो. मला फार भूक लागलीये."

मी भिंतीला टेकले. एवढी वाक्यं यांनी आमच्या लग्नाच्या बोलणीतही बोलली नव्हती.

त्या दोन दिवसांत जे काही ऐकलं ते काय सांगू. एका पुढाऱ्याच्या भाषणातले खोकले यांनी कापून काढले होते आणि ते सगळे एकापुढे एक जोडून ठेवले होते. कंटाळा आला की ऐकायचे म्हणे. लग्नात माझ्या मामांचा उजवा बूट करकरत होता आणि डावा नव्हता, हे यांना अजून आठवत होतं. बातम्या वाचणाऱ्या एका बाईंना वाचताना उचकी लागली आणि त्यांनी ती अशी गिळली की यांनी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मी ऐकतेय, हसतेय, अंडी सोलतेय. आपल्याच घरात इतकी वर्षं एवढा मजेदार माणूस राहत होता आणि आपल्याला पत्ता नाही, याचा मला आनंदही झाला आणि भयंकर रागही आला.

माझी नणंद भावाला बघायला आली. ती येणार, बसणार, शेजारपाजारचं सगळं सांगणार आणि भावाने नुसती मान हलवायची, असा त्यांचा रिवाज. त्या दिवशी यांनी तिला मध्येच थांबवलं. "ताई, तू बोलताना श्वास कुठे घेतेस? मला कुठे कापायचं म्हटलं तर जागाच सापडत नाही." ती उठलीच. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "याला काय पाजलंस तू?" मी म्हटलं, मळमळीची गोळी. ती म्हणाली, "एक मलाही दे, माझ्या नवऱ्यासाठी."

आणि त्याच संध्याकाळी, नणंद गेल्यावर, ते झालं. मी भात लावत होते. हे खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. एकदम म्हणाले, "तुझ्या आवाजाबद्दल तुला एक सांगायचं राहिलंय. कितीतरी वर्षं राहिलंय."

माझा हात तांदळातच राहिला. मी वळलेसुद्धा नाही. स्वतःलाच म्हटलं, बोलू दे, मध्ये बोललीस तर तुझ्यासारखी मूर्ख तूच.

"तुझा आवाज," हे म्हणाले, आणि थांबले. "थांब जरा. हा फ्रिज ऐकतेस का? याची घरघर बदललीये. मागचा पाय लुळा पडलाय याचा." आणि उठून फ्रिजमागे शिरले, ते स्क्रू ड्रायव्हर मागतच. मी तिथे उभी, माझा जीव टांगणीला, आणि माझा नवरा फ्रिजच्या पायाशी बोलतोय. "आवाजाचं काय म्हणत होता?" मी विचारलं. "हो ना, आवाज वाईटच आहे," फ्रिजमागून उत्तर आलं, "पण दुरुस्त होईल." तो फ्रिजचा की माझा, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

गोळ्या संपल्या. गोळ्यांबरोबर बोलणंही संपलं. परत पंजा, बोट आणि कपाचा कान. मी दोन-तीनदा आडवळणाने विचारून बघितलं, त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होता. यांनी भुवया वर केल्या आणि हेडफोन लावला.

मग काय, मी तिसऱ्या केमोची वाट बघायला लागले. नवऱ्याच्या केमोची वाट बघणारी बाई कोणी पाहिली नसेल. मी रजा टाकली. नणंदेला सांगितलं, या खेपेला येऊ नका. फ्रिजचा पाय पक्का करून घेतला, नळाला नवा वायसर बसवला, म्हणजे यांचं लक्ष कुठे जायला नको. गोळ्या वेळच्या वेळी हातात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी हे सुरू झाले, पहिल्यापेक्षा जोरात. आता विषयाला तोटाच नव्हता. जिना, जिन्यातल्या लोकांची पावलं, कोणाचं पाऊल कोणत्या पायरीवर वाजतं. मी मध्येच घालून बघायची, "आणि माझा आवाज?" की हे म्हणायचे, "त्याचं सांगतो, आधी हे ऐक," आणि ते 'हे' काही संपायचं नाही.

पण या खेपेला मला आणखीही काही दिसत होतं. हे झोपलेच नव्हते. कप उचलला की बशीवर थडथडायचा. सारखी तहान, सारखं उठणं. साखर तपासायच्या यंत्रावरचा आकडा पहिल्या दिवशी वाढला, दुसऱ्या दिवशी आणखी वाढला, आणि तिसऱ्या दिवशी तर मी तो दोनदा तपासून बघितला. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावते. यांनी माझा हात धरला. "नको ग. मला इतकं छान वाटतंय. मळमळ नाही, भूक लागतेय, बोलावंसं वाटतंय. कमी करतील त्या गोळ्या."

करतील, हे मलाही माहीत होतं. आणि खरं सांगते, मलाही ते नको होतं. मला हा बोलका नवरा हवा होता. ते अर्धं वाक्य पुरं व्हायला हवं होतं. फोन हातात होता आणि मी तो लावला नाही. म्हटलं, उद्या उतरेल आकडा. उतरला थोडासा, म्हणून मी आणखी थोडी गप्प बसले.

चौथ्या केमोच्या आधी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उलट्या?" यांनी मान हलवली, नाही. "झोप?" यांनी बोटांचं वर्तुळ करून दाखवलं, उत्तम. "साखर?" तेच वर्तुळ. बाईंनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर तक्रारीच्या खिडकीवर बसलेली मी, आणि तक्रार करायची वेळ आली तेव्हा माझीच जीभ टाळ्याला चिकटली. हे माझ्याकडे बघत होते. टेबलाखाली यांचा पंजा होता. थांब.

मला तो थडथडणारा कप आठवला. म्हटलं, वाक्य गेलं चुलीत, माणूस राहू दे.

"खोटं बोलतायत हे," मी म्हणाले, आणि ते बाहेरच्या पेशंटनाही नीट ऐकू गेलं. "तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. साखर कुठच्या कुठे गेली होती. हात थरथरतात. आणि मी ते तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, म्हणून मलाही बोला."

बाई मला बोलल्याच. एवढीशी मूर्ती, पण माझ्या खिडकीवरच्या अख्ख्या रांगेचा आवाज तिच्या एकटीत. मग त्यांनी गोळ्या बदलल्या. स्टिरॉइड फक्त केमोच्या दिवशी, तेही कमी, आणि त्यानंतर उलटीसाठी रात्री घ्यायची एक वेगळी गोळी. "हिने गुंगी येईल, झोप लागेल. यांना विश्रांती द्या, शांतता ठेवा." घरी जाताना रिक्षात हे बाहेर बघत बसले. मीही.

चौथ्या केमोनंतर मी बाईंचं म्हणणं तंतोतंत पाळलं. पायात मोजे घालून फिरले. कुकरऐवजी पातेल्यात भात शिजवला. फोन आला की मोरीत जाऊन दार लावून कुजबुजले. कार्यालयातली मैत्रीण म्हणाली, घरात कोणी वारलं की काय? नणंदेलाही मी ओठांवर बोट ठेवून दारातूनच परत पाठवलं. साखर खाली आली, हे गाढ झोपले, आणि घरात इतकी शांतता झाली की पाय पक्का करूनही फ्रिज वाईट वाजतो हे मलाही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांना जाग आली. चेहरा उतरलेला. मी ओठ नुसते हलवून विचारलं, मळमळतंय? यांनी मान डोलावली, थोडंसं. मी शेजारी खुर्ची घेऊन बसले. हात धरला आणि गप्प बसून राहिले. म्हटलं, चला, आता असंच. उलटी नाही हेच पुष्कळ. रडू येत होतं, तेही आवाज न करता आवरलं.

आणि यांनी अंगठा वर केला.

मी ताडकन उठले. धावत मोरीत, बादली घेऊन धावत परत. यांच्या हनुवटीखाली धरली. यांनी बादली बाजूला सारली. परत अंगठा वर. मी परत बादली पुढे केली. यांनी डोळे मिटले, जसे माझ्या खिडकीवर मी अडाणी माणसासमोर मिटते तसे, आणि बोट माझ्याकडे केलं. मग अंगठा. वर.

मला कळेना. मी नुसती बघत राहिले, तेव्हा नाइलाजाने यांना बोलावं लागलं. गुंगीमुळे शब्द जड येत होते.

"कालपासून तुझा आवाज नाही. तू गप्प बसलीस की मला वाटतं लाल दिवा लागलाय. मग सगळं दाबून धरावं लागतं. खोकला, शिंक, उलटी, सगळं. त्यानेच मळमळतंय."

"आणि इतकी वर्षं तो अंगठा खाली?" मी विचारलं. कुजबुजतच विचारलं.

"मीटरवर आवाजाचा काटा लाल रेघेच्या पलीकडे जायचा तुझा, मग आवाज फाटतो." यांनी जांभई दिली. "मी कमी कर म्हणत होतो. बंद कर कधी म्हणालो?"

मी बादली खाली ठेवली. डोळे पदराने पुसले, घसा साफ केला, खुर्ची जवळ ओढली. "परवा काय झालं ऐका," मी सुरुवात केली, "एक बाई आली खिडकीवर, बाटलीत गढूळ पाणी घेऊन, आणि मला म्हणते पिऊन दाखवा." यांचा अंगठा पांघरुणावर तसाच उभा होता. मी आवाज आणखी चढवला. ती बाई, तिची बाटली, तिच्या मागचा म्हातारा, आमचे साहेब, सगळ्यांचे सगळे आवाज काढून दाखवले. साहेब खिडकीपर्यंत पोचायच्या आत हे झोपून गेले. अंगठा हळूहळू आडवा झाला. मी गोष्ट मध्ये तोडली नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं, तरी शेवटपर्यंत सांगितली.